चार चौकटी आणि कडूबाईच्या शेळ्या

आम्रपाली ओव्हाळ आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. नऊ वर्षं झाली. मी तिथंच मराठी शिकवतो आणि स्टाफरूममध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीत बसतो, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं. बाई तापट आहे, असं कॉलेजात सगळे म्हणत. मीही म्हणत असे. मागच्या वर्षी जे झालं, त्यानंतर ते बोलायची मला लाज वाटू लागली.

ती सिरसाळ्याची. वडील शहादेव कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचे, आई मालनबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. घरात पहिली एम.ए. हीच. पण एम.ए.ला संशोधन पद्धतीच्या पेपरात ती दोनदा नापास झाली, आणि दोन्ही वेळा एकाच प्रकरणात अडकून. प्रकरणाचं नाव होतं बहुघटकीय अभिकल्प. इंग्रजीत फॅक्टोरियल डिझाइन. पुस्तकात मुख्य परिणाम, आंतरक्रिया असले शब्द होते आणि शिकवणारे सर ते शब्द फळ्यावर लिहून वही बंद करायचे. समजलं नाही म्हटलं की म्हणायचे, पाठ करा.

तिसऱ्या वेळी घरी मोठमोठ्याने वाचताना ती पुस्तकाला शिव्या देत होती. मालनबाई ज्वारीतले खडे वेचत होती. तिने काय एवढं अवघड आहे म्हणून विचारलं. आम्रपालीने वैतागूनच सांगितलं की एका वेळी दोन गोष्टी बदलून बघायच्या असतात. युरिया टाकला, नाही टाकला. पाणी दिलं, नाही दिलं. म्हणजे चार तुकडे पडतात. मग युरियाचा फायदा किती ते काढायचं.

मालनबाई म्हणाली, "पानी हाय का न्हाई ते सांग आदी. पानी असलं तर युरिया पीक उठवतंय, नसलं तर जाळतंय. नुसता युरिया चांगला का वाईट, असं कोन इचारतंय?"

त्या परीक्षेत आम्रपालीने त्या प्रकरणावरचा प्रश्न पूर्ण लिहिला. आता वर्गात ती आंतरक्रिया शिकवते तेव्हा एक शब्द पाठ करू देत नाही.

दीड वर्षापूर्वी पुण्याच्या एका संस्थेचे वझरकर सर कॉलेजात आले. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायचा प्रकल्प होता. खेड्यात वापरण्यासाठी त्यांनी नवा प्रश्नसंच तयार केला होता. त्यांना परळी तालुक्यात काम करणाऱ्या बायका हव्या होत्या. आम्रपालीने आराखडा वाचला आणि तिचा चेहरा उजळला, हे मला आठवतंय. तिने मला तो कागदावर काढून दाखवला.

दोन गोष्टी बदलायच्या होत्या. पहिली, कागद. एक शहरी कागद: आज तारीख काय, इंग्रजी महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून दाखवा. दुसरा गावचा कागद: मागची अवस कधी झाली, देवळापासून तुमच्या घरापर्यंत वाट कशी, घरात जनावरं किती आणि त्यांची नावं काय, विळा-घागर-दावं-सूप-चूल एवढं सांगून थोड्या वेळाने परत विचारायचं. दुसरी गोष्ट, विचारणारी बाई. एक गावातलीच, ओळखीची. दुसरी बाहेरची. दोन कागद, दोन बाया, अशा चार चौकटी. प्रत्येक चौकटीत पंचवीस माणसं. कोण कोणत्या चौकटीत जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे कुणाच्या मर्जीवर काही राहत नाही. प्रत्येकाला तीसपैकी गुण.

"बघा," ती म्हणाली, "हे असं पाहिजे. नाहीतर नुसता कागद बदलतात आणि सांगून टाकतात हा चांगला, तो वाईट."

आम्रपाली सिरसाळ्यात ओळखीची होती आणि धर्मापुरीत बाहेरची. म्हणजे एकच बाई दोन्ही बाजूंना बसत होती. तिथंच तिला काहीतरी खटकायला लागलं. सिरसाळ्यात ती शहरी कागद घेऊन शेजारच्या म्हातारीसमोर बसली, तर म्हातारी रुसली. आज वार कोणता, महिना कोणता, हे शहादेवच्या पोरीने आपल्याला विचारावं? ही आपली टिंगल चालली आहे, असं समजून ती "मला न्हाई ठावं" म्हणत राहिली. तोच कागद अनोळखी बाईने विचारला की म्हातारी माणसं डॉक्टरसमोर बसल्यासारखी सरळ बसून उत्तरं देत. गावच्या कागदाचं उलटं. सिरसाळ्यात तो काढला की गप्पा थांबत नसत. धर्मापुरीत तोच कागद काढला की तोंडं मिटत.

कडूबाई धर्मापुरीची. सत्तरीची, धनगर समाजाची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःच्या शेळ्या स्वतः चारायची. चिठ्ठीत तिला गावचा कागद आणि बाहेरची बाई आली. बाहेरची बाई म्हणजे आम्रपाली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं. जनावरं किती, असं विचारल्यावर कडूबाई तिच्या पिशवीकडे, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, असतील चार-पाच. नावं विचारली तर म्हणाली, शेळीला कसलं नाव. घरची वाट विचारली तर हात हलवून, तिकडं, एवढंच. पाच वस्तू तर तिने ऐकल्याच नाहीत असं दाखवलं. तीसपैकी आठ.

आम्रपालीला कळत होतं की बाई विसरलेली नाही, बाई सांगत नाही. पण 'सांगत नाही' असा रकानाच त्या कागदावर नव्हता. चूक की बरोबर, एवढंच. तिने शून्य मांडत नेले.

आणि संस्थेने आणखी एक उद्योग केला होता. लोकांचा वेळ घेतो तर काहीतरी हातात द्यावं, म्हणून प्रत्येकाला शिक्का मारलेला कागद द्यायचा. चौदापेक्षा कमी गुण असले की त्यावर छापून यायचं: स्मरणशक्ती क्षीण, व्यवहारात काळजीवाहकाची मदत आवश्यक. खाली तपासणाऱ्या बाईची सही. ज्या प्रश्नसंचाची अजून परीक्षाच चालू होती, त्याचा निकाल लोकांच्या हातात. आम्रपालीने वझरकर सरांना फोन करून हे बरोबर नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, ही फक्त माहिती आहे, निदान नाही. ती माझ्याशी बोलली तेव्हा मीच तिला म्हणालो, तुझ्या हातात काय आहे, कर सही, कायमस्वरूपी जागेच्या मुलाखतीत असा प्रकल्प कामाला येतो. तिने सह्या केल्या. हे मी लपवणार नाही.

पाच महिन्यांनी धर्मापुरीहून उज्ज्वलाचा फोन आला. उज्ज्वला त्या गावातली ओळखीची बाई म्हणून प्रकल्पात होती. कडूबाईच्या दिराचा मुलगा भागवत याने तो कागद चार लोकांना दाखवून म्हातारीचं डोकं गेलं आहे असं ठरवलं होतं. तिला व्यवहार कळत नाही म्हणून सगळ्या शेळ्या बाजारात नेऊन विकल्या. म्हातारीने अडवलं, आरडाओरडा केला, तर म्हणाला, बघा, म्हणूनच कागदावर लिहिलंय. ती जितकी चिडत होती तितका तो कागद खरा ठरत होता.

त्या रविवारी आम्रपालीने मला मोटारसायकल काढायला लावली. कडूबाई घरापुढे रिकाम्या गोठ्याशेजारी बसली होती. दाव्यांची गुंडाळी खुंटीला तशीच होती. आम्रपालीने आपली ओळख सांगायला तोंड उघडलं, तोवर म्हातारीच बोलली.

"तूच ती. निळी साडी व्हती. पेनाचं टोपण दातानं चावत व्हतीस आन् डाव्या हातानं वारं घेत व्हतीस."

आम्रपालीने खाली बसून विचारलं, त्या दिवशी शेळ्या किती होत्या, ते का सांगितलं नाहीस. कडूबाईने बोटांवर मोजत नावं घेतली. मोरी, चांदी, बांडी, तिच्या दोन पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, लंगडी, लंगडीची थोरली, कोणती कोणत्या अवसेच्या आधी व्यायली, कोणतीचा बाप कुणाच्या कळपातला. एकवीस झाली तेव्हा थांबली.

"अनोळखी बाई येती, घर कुठं हाय इचारती, जित्राबं किती हायत इचारती, घरात कोन असतंय इचारती. म्या सांगायचं? येड लागलंय का मला?" मग ती म्हणाली, "न सांगणं शानपन व्हतं. तू त्याला येड म्हनून लिवलंस. कावून लिवलंस?"

परत येताना परळीच्या अलीकडे आम्रपालीने गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेकडून अहवालाचा मसुदा मागवला. स्टाफरूममध्ये तो उघडून तिने एक पान माझ्यापुढे आदळलं. त्यात लिहिलं होतं की शहरी कागदाचे सरासरी गुण सोळा आणि गावच्या कागदाचेही सोळा. ओळखीच्या बाईचे साडेसोळा, बाहेरच्या बाईचे साडेपंधरा. म्हणून निष्कर्ष: कागदाने फरक पडत नाही, विचारणाऱ्याने फरक पडत नाही. सबब हा गावचा प्रश्नसंच कोणत्याही कर्मचाऱ्याने कुठेही वापरावा. पुढच्या टप्प्यात जिल्हाभर शिबिरं.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सोळा आणि सोळा सारखेच. तिने माझ्या वहीत चार चौकटी काढल्या आणि मसुद्याला जोडलेले शंभर माणसांचे गुण एकेक करून त्यांत वाटले. दुपारचे तीन वाजले. शहरी कागद, बाहेरची बाई: एकोणीस. शहरी कागद, ओळखीची बाई: तेरा. गावचा कागद, बाहेरची बाई: बारा. गावचा कागद, ओळखीची बाई: वीस.

"आता बघा," ती म्हणाली. "वीस आणि बारा मिसळले की सोळा. एकोणीस आणि तेरा मिसळले की सोळा. मिसळलं की सगळं सारखं दिसतं. फरक पडत नाही म्हणे. इथं एका बाजूला आठ गुण चढलेत आणि दुसऱ्या बाजूला सहा उतरलेत. एकमेकांना मारून जवळजवळ शून्य झालं, म्हणजे काही झालंच नाही का?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. कागद चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा होता. गावचा कागद ओळखीच्या हातात चांगला आणि परक्याच्या हातात घातक होता. कोण विचारतंय हे सांगितल्याशिवाय कागदाबद्दल काहीच बोलता येत नव्हतं. याच गोष्टीसाठी चार चौकटी आखल्या होत्या. कष्ट घेऊन, चिठ्ठ्या टाकून, शंभर माणसांना बसवून आखल्या, आणि शेवटी त्या पुसून दोन सरासऱ्या काढल्या.

तिने वझरकर सरांना फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू ठेवला. सर शांत होते. ते म्हणाले की आंतरक्रिया त्यांच्या लक्षात आली आहे, ती परिशिष्टातल्या तक्त्यात दिली आहे, लपवलेलं काही नाही. पण निधी देणाऱ्यांना एका ओळीचा निष्कर्ष लागतो. आणि गावोगाव ओळखीची बाई शोधून तिला शिकवणं परवडत नाही. म्हणजे त्यांना कळत होतं. न कळणाऱ्यावर तिला एवढा राग आला नसता.

बीडला निष्कर्षांची बैठक होती. मीही गेलो होतो तिच्याबरोबर. जाताना मी तिला सांगितलं, आवाज चढवू नको, चढवलास की मुद्दा बाजूला राहतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर हेच सांगितलं गेलं होतं तिला, आणि सांगणाऱ्यांत मी होतो.

सभागृहात तीस-चाळीस माणसं होती. सोळा-सोळाचे दोन खांब पडद्यावर आले, लोकांनी मान डोलावली. आम्रपाली उठली, पुढे गेली आणि परवानगी न विचारता पांढऱ्या फळ्यावर चार आकडे लिहिले. मग एका कागदाची एक रेघ, दुसऱ्या कागदाची दुसरी. दोन्ही रेघा मधोमध एकमेकींना कापून गेल्या. तिने त्या छेदावर बोट ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेला.

"तुमचे सोळा इथले आहेत. या जागेवर एकही माणूस बसलेला नव्हता. माणसं या टोकांना बसली होती. या खालच्या टोकाला धर्मापुरीची कडूबाई होती. तिने परक्या बाईला शेळ्या सांगितल्या नाहीत, म्हणून तिला वेडं ठरवलं गेलं आणि तिच्या एकवीस शेळ्या विकल्या गेल्या. ती परकी बाई मी होते. आता तुम्ही जिल्हाभर परकी माणसंच पाठवणार आहात."

एका अधिकाऱ्याने परिशिष्ट कुठल्या पानावर आहे म्हणून विचारलं. वझरकर सर म्हणाले, मॅडमचा मुद्दा रास्त आहे, पण एका व्यक्तीच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही. ती म्हणाली, एका व्यक्तीचं मी शेवटी सांगितलं, आधी शंभरांचं सांगितलं. जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर झालं.

अहवाल छापून आला. निष्कर्षात एक परिच्छेद वाढला होता: शक्यतो स्थानिक व्यक्तीकडून प्रश्न विचारावेत. शक्यतो. शिक्क्याचे कागद बंद झाले, एवढं मात्र खरं. आम्रपालीचं नाव आभारांत होतं, ते तिने पत्र लिहून काढायला लावलं. पुढच्या टप्प्यात तिला बोलावलं नाही. कायमस्वरूपी जागेची मुलाखत झाली, तिथंही तिला घेतलं नाही. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, ते मला सांगता येणार नाही.

अहवाल छापून येण्याआधीच तिने एक काम केलं होतं. उज्ज्वलाला घेऊन ती कडूबाईकडे गेली, स्वतः अंगणाबाहेर उभी राहिली आणि उज्ज्वलाला तोच गावचा कागद विचारायला लावला. तीसपैकी सत्तावीस. मग साध्या कागदावर तिने लिहून दिलं की पहिली तपासणी चुकीच्या पद्धतीने झाली, ती मीच केली, ती रद्द समजावी. तो कागद घेऊन ती ग्रामपंचायतीत चार लोकांसमोर उभी राहिली. भागवत म्हणाला, आधी एक लिहिता, मग दुसरं लिहिता, आम्ही कोणतं खरं मानायचं. या प्रश्नाचा तिला सगळ्यांत जास्त राग आला, कारण तो बरोबर होता. शेवटी पंचांनी भागवतला दटावलं आणि त्याने दोन पाटी आणून बांधल्या. बाकीच्या कुठल्या बाजारातून कुठे गेल्या, कुणालाच माहीत नव्हतं.

कडूबाई तिला म्हणाली, "तू आलीस ते बरं केलंस. पन माजी मोरी तुज्या सहीनं गेली, ते मी इसरनार न्हाई." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि आम्रपालीनेही माफी मागितली नाही.

चौदापेक्षा कमी गुणांचे असे चौतीस कागद दोन चौकटींत मिळून वाटले गेले होते. आम्रपालीने यादी केली आणि दर रविवारी एकेका घरी जाऊन ते परत घ्यायला लागली. तिने सही केलेले असोत की दुसऱ्या कुणी. पेट्रोल मी घालतो, तेवढंच माझ्याने होतं. आतापर्यंत अकरा घरं झाली होती. काहींनी फेकून दिले होते, काहींच्या सुनांनी जपून ठेवले होते, आणि जपून का ठेवले हे विचारताना तिचा चेहरा बघवत नाही.

परवा आप्पाराव नावाच्या म्हाताऱ्याकडे गेलो होतो. बाराव्या घरी. त्याने तो कागद लॅमिनेशन करून भिंतीला लावला होता, नातवाच्या बक्षिसाच्या प्रमाणपत्राशेजारी. त्याला वाचता येत नव्हतं. शिक्का बघून त्याला वाटलं होतं की सरकारने काहीतरी मान दिला आहे. तो द्यायला तयार होईना. आम्रपालीने मग त्याला अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. स्मरणशक्ती क्षीण. व्यवहारात मदत आवश्यक. ती शब्द सौम्य करत नव्हती.

म्हाताऱ्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"आन् खाली सही कुनाची हाय?"

"माझी," ती म्हणाली.

त्याने हात वर करून खिळ्यावरून कागद ओढला आणि दोन्ही हातांनी पिळला. लॅमिनेशन हाताने फाटत नाही. त्याने दाताने धरून बघितलं. मग घरात हाक मारून सुनेला कात्री आणायला सांगितली, आणि ती येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.